भाड्याचे घर आणि घरमालकाचा धर्म

घर भाड्याने देणे हा निव्वळ व्यवहार आहे, की त्यात धर्माचाही काही अंश आहे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. एकाने खोली द्यावी, दुसऱ्याने महिन्याच्या महिन्यास पैसे मोजावेत. यात धर्माधर्माचा विचार तो कसला, असे कोणी म्हणेल. परंतु कापड किंवा धान्य विकले की दुकानदार आणि गिऱ्हाईक आपापल्या वाटेने जातात. घराचे तसे नाही. भाडेकरू आपली बायकामुले, आपली झोप, आपले आजारपण आणि आपले सणवार घेऊन दुसऱ्याच्या छपराखाली येतो. म्हणून हा व्यवहार असला तरी तो विश्वासावर उभा आहे; आणि जेथे विश्वास आहे तेथे धर्माचा प्रश्न उपस्थित होतोच.

आपल्या भागात हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर पांढुर्णा व सौंसर मध्यप्रदेशात राहिले. मराठी बोलणारा घरमालक आणि हिंदी बोलणारा भाडेकरू हा शेजार तेव्हापासून आपल्या परिचयाचा आहे. २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर तहसील त्यात आली. जिल्हा म्हटला की कचेऱ्या येतात, आणि कचेऱ्यांच्या मागून बदलीवर आलेली माणसे येतात. बोरगावच्या कारखान्यांत काम करणारे तरुणही खोल्या शोधीत असतात. अशा वेळी ज्यांच्या घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या रिकाम्या आहेत, त्या आपल्या सभासद बंधुभगिनींच्या तोंडून एकच वाक्य ऐकू येते : ‘भाडेकरू चांगला पाहिजे.’

इच्छा रास्त आहे. पण तिचा उत्तरार्ध सहसा कोणी उच्चारीत नाही. चांगला भाडेकरू ज्याच्या दारी यावा, असे आपले घर आहे काय, आणि असे आपले मन आहे काय?

प्रथम घराचा विचार करू. महाभारतात पाहुण्यांसाठी सजविलेले एक घर आहे. वारणावतास पुरोचनाने पांडवांकरिता बांधलेले ते लाक्षागृह दिसावयास सुंदर होते. त्याचा दोष भिंतींच्या आत होता. विदुराने सावध केले होते, आणि तूप व लाख यांच्या वासावरून युधिष्ठिराने तो दोष ओळखला. कोणी म्हणेल, आमच्या खोलीची तुलना लाक्षागृहाशी कशास? तुलना हेतूची नव्हे, रीतीची आहे. दोष आत ठेवून वरून शोभा करणे ही रीत तीच.

लोणा लागलेल्या भिंतीचेच पाहा. उन्हाळ्यात तिला चुन्याचे दोन हात दिले की ती दुधासारखी पांढरी दिसते. भाडेकरू येतो, भिंत पाहून संतोषतो, आगाऊ पैसे देतो. मृगाचे पाऊस सुरू झाले की पोपडे सुटतात, कपड्यांना कुबट वास येऊ लागतो, लहान मूल खोकू लागते. भिंतीला चुना लावावा, माणसाला लावू नये. ओल कोठून येते हे आधी शोधावे : वरचे कवेलू सरकले आहेत, की मोरीचे पाणी भिंतीच्या पायाशी मुरते, की अंगणाचा उतारच घराकडे आहे. ते दुरुस्त करावे, भिंत नीट वाळू द्यावी, आणि मग रंग द्यावा. आपल्याकडची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे भिंतींना तडे जातात. तडा बुजविण्यापूर्वी त्याच्यावर आडवी गिलाव्याची एक पट्टी लावून तीवर तारीख लिहावी. पट्टी फुटली तर तडा अजून वाढतो आहे असे समजावे, आणि जाणत्या मिस्त्रीस दाखवावे.

शोभेपेक्षा जिवाची काळजी मोठी. आपल्याकडचा उन्हाळा कूलरवाचून काढणे कठीण. आणि लोखंडी कूलर, ओली फरशी व सदोष अर्थिंग ही तीन एकत्र आली की माणूस दगावू शकतो. म्हणून नवा पडदा लावण्यापूर्वी विजेची तार व अर्थिंग तपासून घ्यावी. न्हाणीघराच्या दारास आतून घट्ट बसणारी कडी असावी. जिन्यावर दिवा असावा. हा खर्च पाहावयास येणाऱ्याच्या डोळ्यांत भरत नाही. म्हणूनच त्यावरून मालकाच्या मनाची परीक्षा होते. आपली मुलगी परगावी नोकरीस गेली, तर तिच्या खोलीत आपण काय काय पाहू? तेवढे आपल्या खोलीत असले म्हणजे झाले.

आता दाखविण्याविषयी. घर दिवसाउजेडी दाखवावे. खोलीत आपली अडगळ ठेवू नये. जे दुरुस्त करता आले नाही ते आपण होऊन सांगावे : वैशाखात विहीर खाली जाते, नळास पाणी अमुक वेळी येते, रात्री गाड्यांचा आवाज येतो. खरे सांगितल्याने एखादा परत जाईल. पण जो राहील तो जाणून राहील, आणि त्याची तक्रार उरणार नाही. पंखे, दिवे, नळ यांची यादी करून दोघांनी सही करावी. विजेचा आकडा लिहून ठेवावा. भाड्याची पावती न मागता द्यावी. करारनामा हिंदीत असो वा मराठीत, तो दोघांसमक्ष मोठ्याने वाचावा. केंद्र सरकारने २०२१ साली राज्यांपुढे जो आदर्श भाडेकरू कायदा ठेवला, त्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, आणि मालकाने घरात शिरण्यापूर्वी चोवीस तास आधी कळवावे, असे सुचविले आहे. नमुना हा नमुनाच. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो बंधनकारक होत नाही. परंतु सज्जनाने चांगल्या गोष्टीसाठी सक्तीची वाट का पाहावी?

घर तयार झाले. मन तयार झाले काय? येथेच खरी अडचण आहे. चांगला भाडेकरू म्हणजे वेळेवर भाडे देणारा, घर जपणारा आणि शेजाऱ्यास उपद्रव न देणारा, हे सर्वांस मान्य आहे. तरीही दारात माणूस उभा राहिला की पहिला प्रश्न आडनावाचा निघतो. १९१७ साली कोलंबिया व लंडन येथे शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास गेले. त्यांना राहावयास जागा मिळेना. शेवटी पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना तेथून घालविले. सारे शहर मोकळे असताना हा विद्वान पुरुष एका सार्वजनिक बागेत बसून राहिला आणि मुंबईस परतला. त्यांनीच ही हकीकत लिहून ठेवली आहे. शिक्षण, नोकरी, शील यांपैकी कोणत्या गोष्टीची त्यांच्याजवळ उणीव होती? चांगला भाडेकरू दारी आला होता. त्याला ओळखणारा मालक नव्हता.

ती गोष्ट जुनी झाली, असे म्हणून आपली सुटका होत नाही. परजातीचा शिक्षक, परधर्माचा कारखान्यातील तरुण, एकटी राहणारी परिचारिका यांस ‘खोली दिली गेली’ असे सांगून आपण परत पाठवितो, आणि खोली तशीच रिकामी असते. जे देवळात समभाव ऐकतात त्यांच्या ओसरीवर हे असत्य घडावे, हे आम्हांस शोचनीय वाटते.

मालकाची भीतीही आम्ही जाणतो. एखाद्या विधवा भगिनीचा संसार त्या दोन खोल्यांवर चालतो. भाडेकरू हटून बसला तर तिने काय करावे? मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ याने भाडेकरूस संरक्षण दिले. त्याचबरोबर मागणीची नोटीस मिळूनही दोन महिन्यांत थकबाकी न देणे, आणि मालकास स्वतः राहण्यासाठी घराची खरी गरज असणे, ही घर रिकामे करून मागण्याची कारणे मानली. पुढे विधवा, निवृत्त शासकीय सेवक आणि अपंग यांच्यासाठी भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे दाद मागण्याची वेगळी वाटही ठेवली. म्हणून भीती आडनावावर काढू नये. ती कागद चोख ठेवून, पूर्वीच्या मालकाकडे चौकशी करून आणि प्रसंगी वकिलाचा सल्ला घेऊन दूर करावी. सावधगिरी आचरणाची असावी, जन्माची नसावी.

एवढे करूनही वाईट माणूस कधीच भेटणार नाही, असे आश्वासन कोणीही देऊ शकत नाही. परंतु दडविलेला दोष चांगल्या माणसालाही भांडखोर करतो, आणि सांगितलेला दोष साध्या माणसालाही समजूतदार करतो, असा आमचा विश्वास आहे. तेव्हा रिकाम्या खोलीस रंग देण्यापूर्वी आपण दोन गोष्टी स्वतःस विचाराव्यात : या भिंतीआड मी काय लपवितो आहे, आणि या दारातून मी कोणास परत पाठवितो आहे? ज्याला या दोहोंचे उत्तर शेजाऱ्यादेखत देता येईल, त्याचे घर तयार झाले असे समजावे.