शिकवलेल्यावर हक्क कुणाचा?

कुंभवली नाक्याजवळ माळ्यावर आमचं ऑफिस. तारापूर एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांना बॅच-रेकॉर्डचं सॉफ्टवेअर करून देतो. बोईसर-पालघरची मुलं घेतो, शिकवतो; हात बसला की ती अंधेरी-ऐरोली गाठतात. 2013 साली लोकल डहाणूपर्यंत आली, तेव्हापासून त्यासाठी घरही सोडावं लागत नाही. मुंबईचा पगार मला परवडत नाही. त्यात गूढ काही नाही.

मला छळतो तो वेगळाच प्रश्न. शिकवलं म्हणून माझा त्यांच्यावर हक्क पोचतो का?

एक मित्र सांगतो, मूळ प्रमाणपत्रं ठेवून घे. म्हणजे माणूस तारण ठेवायचा! शिकणं हे ऋण मानलं तरी तैत्तिरीय संहितेत जन्मजात तीन ऋणं सांगितली आहेत. (सांगितली ब्राह्मणाला, माझ्याकडची बरीच मुलं वारली, आगरी, मांगेला घरांतली.) त्यातलं ऋषिऋण फेडायचं ते ब्रह्मचर्यानं, म्हणजे अध्ययन करून. गुरूच्या दारात हप्ते भरायचे नाहीत. माझंच पाहा. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस. 1986 मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात तो सुरू झाला, जगभरच्या अनोळखी लोकांनी वाढवला. त्यावर माझं घर चालतं आणि मी त्यांना दमडी दिलेली नाही. मग वाड्यापाड्यातल्या पोरापुढे मी कोणत्या तोंडानं हिशेब मांडू?

हक्क नाही, असंच माझं मत झालंय. मात्र कारखान्याचं काम अर्धवट टाकून, फोन बंद करून निघून जाणं हा अधर्मच. तेव्हा जाणाऱ्यांनो, खुशाल जा. फक्त महिनाभर आधी सांगा आणि मागच्या मुलाला काम समजावून जा.