थोरांची भेट

थोर माणसाची भेट घडणे हे भाग्याचे लक्षण मानले जाते. अशी भेट आपण आयुष्यभर जपतो, पाहुण्यारावळ्यांना सांगतो, तिचे छायाचित्र भिंतीवर लावतो. परंतु भेट नेमकी कशाला म्हणावे, आणि ती घडल्यावर आपल्याकडून काय अपेक्षित असते, याचा विचार आपण क्वचितच करतो. आम्हीही तो फार उशिरा केला.

फेब्रुवारी १९८६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल भारतात आले असता पुण्यालाही आले होते. आम्ही तेव्हा शाळकरी वयाचे होतो. वडिलांचे बोट धरून अफाट गर्दीत तासन् तास उभे राहिलो आणि दुरून एक शुभ्र बाही हलताना पाहिली. पुढे २०१४ साली त्यांना संतपद जाहीर झाले, तेव्हा 'आम्ही संताला पाहिले आहे' असे आम्ही व्यासपीठावरून अभिमानाने सांगितले. त्यात खोटे काही नव्हते. पण पाहणे आणि भेटणे यांत अंतर आहे, हे आमच्या ध्यानी आले नव्हते.

ते अंतर समजून घ्यायला आमच्या जयसिंगपूरकरांना दूर जावे लागत नाही. हे गाव राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसविले. त्याच महाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचे एक चाकर होते. अस्पृश्य असून पाण्याला शिवले म्हणून त्यांना मार बसला. महाराजांनी त्यांना कोल्हापुरात चहाचे दुकान काढून दिले. आणि गिऱ्हाईक फिरकत नाही असे पाहून स्वतः गाडी थांबवून तेथे चहा घेतला, सोबतच्यांनाही पाजला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या परळच्या चाळीतील बिऱ्हाडीही महाराज आपण होऊन गेले. पुढे २१ व २२ मार्च १९२० रोजी माणगाव परिषदेत, अध्यक्षस्थानी असलेल्या अठ्ठावीस वर्षांच्या त्या तरुणाला त्यांनी भर सभेत समाजाचा नेता म्हणून गौरविले. छत्रपतींनी चाळीचा जिना चढावा, हीच आमच्या मते खरी भेट. शंभर वर्षांनंतरही गंगाराम कांबळे हे नाव आपल्याला ठाऊक आहे, ते राजाने त्यांना नावाने ओळखले म्हणून.

आता आमची गोष्ट. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातील गावेच्या गावे पाण्याखाली गेली. जयसिंगपुरात पूरग्रस्तांसाठी छावण्या उघडल्या. एका छावणीत आम्ही चादरींची यादी हातात घेऊन घाईने फिरत असता एका वृद्ध गृहस्थांनी हाक मारली. ते नदीकाठच्या गावाहून शहरात दूध घालीत. त्यांनी चादर मागितली नाही. कागद आणि पेन मागितले.

"आजोबा, नंतर बघू," आम्ही म्हणालो.

"फादर, माझी वही पुरात गेली. आठवतंय तंवर लिवून घ्या. म्हयन्याचं पैसं आगाऊ घेतल्यात, दूध घातलंय पाचच दिस. म्हशी गेल्या, पर लोकांचं पैसं काय म्हशीसंगं गेलं न्हाईत."

आम्ही लिहून घेऊ लागलो. सहावी गल्ली, आठवी गल्ली, अकरावी गल्ली. प्रत्येक घरातील माणसाचे नाव, दुधाचे माप, देणे असलेली रक्कम त्यांना तोंडपाठ होती. मग कमरेच्या पिशवीतून भिजलेल्या नोटा काढून, पुरतील तेवढ्या घरांचे पैसे त्यांनी आमच्या हाती दिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पहिल्या घरी गेलो. बाईंनी विचारले, "कुणी दिले?" आम्ही म्हणालो, "दूधवाल्यांनी." "कोणत्या? नाव काय त्यांचं?" आम्ही निरुत्तर झालो. वर्षानुवर्षे दूध घेऊन बाईंनाही ते ठाऊक नव्हते. आमच्या हातातील कागदावर सर्वांची नावे होती, फक्त त्यांचे नव्हते. पाणी ओसरल्यावर आम्ही छावणीत पुन्हा गेलो, तो माणसे आपापल्या गावी परतली होती.

मग थोरांविषयीचा आदर व्यर्थ का? तसे आम्ही म्हणणार नाही. थोरपण कसे असते हे थोरांकडे पाहूनच कळते. परंतु उंचावर खिळलेली दृष्टी शेजारी वळली नाही, तर त्या आदराचे केवळ भूषण होते. जक्कय प्रभूला पाहण्यासाठी झाडावर चढला; तेथवर ते नुसते दर्शन होते. प्रभूने त्याला नावाने हाक मारली आणि तो त्याच्या घरी उतरला, तेव्हा भेट झाली.

तो कागद आम्ही अजून प्रार्थनापुस्तकात ठेवला आहे. वाचकहो, उद्या सकाळी तुमच्या दारात दूध येईल. आणणाऱ्याचे नाव तुम्हांस ठाऊक आहे काय? नसल्यास विचारा. आमची ती संधी हुकली.