कायले गेल्ते तुमी?

पांढुर्ण्याच्या बसस्टँडजवळची चहाची टपरी. भरतीसाठी पहाटे सौंसर रोडवर पळणारी दोन पोरं तिथे दम खात बसली होती. त्यातल्या एकाने आमच्या शेजारच्या काकांना विचारलं, “काका, श्रीलंकेत कायले गेल्ते तुमी? ते भांडन आपलं होतं का?” काका शांतिसेनेत होते. बशीतला चहा त्यांनी संपवला, बशी हळूच खाली ठेवली. “मले कोनं इचारलं होतं बावा? मत त तुह्या बापानं देल्लं होतं.”

ते उत्तर तेव्हापासून माझ्या मनात रुतून बसलं आहे. लढाईचे दिवस आले की आपल्याकडे दोनच रकाने आखले जातात. एकात जवानांच्या बाजूचे, दुसऱ्यात सरकारला प्रश्न विचारणारे. दुसऱ्यातल्या माणसाला पहिल्यात जागाच ठेवलेली नसते. ही विभागणी मला खोटी वाटते, आणि शेवटी ती जवानाच्याच मुळावर येते.

आमच्या जुन्या जिल्ह्यातलंच घ्या. पांढुर्णा 2023 मध्ये वेगळा जिल्हा झाला, त्याआधी आम्ही आणि सौंसर छिंदवाड्याचे. पहिल्या महायुद्धात महंमद अली आणि शौकत अली हे बंधू 1915 ते 1919 अशी वर्षं त्या छिंदवाड्यात स्थानबद्ध होते. तुर्कस्तानविरुद्धची लढाई त्यांना मान्य नव्हती आणि त्यांनी ते लपवलं नव्हतं. त्याच सुमारास, डिसेंबर 1915 पासून, मेसोपोटेमियात तुर्की फौजेने घातलेल्या कुतच्या वेढ्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी अडकल्या होत्या. शिधा संपत आला तसे घोडे कापले गेले. कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस शिवायला नकार दिला आणि अर्धपोटी खंदकात उभे राहिले. 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली. मग उन्हातली ती पायपीट आणि कैद, ज्यातून अनेक जण परतलेच नाहीत.

छिंदवाड्यातले ते दोघे या शिपायांचे वैरी होते का? सरकारच्या हिशेबाने होते. पण बगदादच्या दिशेने फौज रेटणाऱ्यांनी तिच्यासाठी पुरेशा बोटी, औषधं, डॉक्टर दिलेच नव्हते, हे 1917 मध्ये खुद्द ब्रिटिशांच्याच चौकशी आयोगाने सांगितलं. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना पद सोडावं लागलं. आयोगाने विचारलं ते ‘कसं लढवलंत’, अली बंधू विचारत होते ‘का लढवता’. हे प्रश्न वेगळे आहेत, मान्य. पण ‘का’ विचारणाऱ्याला कोंडलं की ‘कसं’ विचारायलाही माणसं कचरतात. उत्तर येतं तेव्हा कुतमधला शिपाई कैदेत मरून गेलेला असतो.

श्रीलंकेत आपण स्वतंत्र होतो, हुकूम आपल्याच सरकारचा होता. 29 जुलै 1987 ला भारत-श्रीलंका करार झाला, शांतता राखायला फौज गेली, आणि लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेच्या ज्या पोरांना भारतातच लष्करी प्रशिक्षण मिळालं होतं त्यांच्याशी ती ऑक्टोबरपासून लढू लागली. सुमारे 1,200 जवान मारले गेले. ज्या महार रेजिमेंटचं केंद्र आपल्या सागरला आहे, तिच्या आठव्या पलटणीतले मेजर रामस्वामी परमेश्वरन 25 नोव्हेंबरला छातीत गोळी लागल्यावरही समोरच्याची रायफल हिसकावून लढले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्याच्या महिनाभर आधी जाफन्याच्या इस्पितळात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण भारतीय फौजेच्या गोळीबारात मेले. जवान आपले म्हणायचे तर या दोन्ही गोष्टी आपल्या. एकीने दुसरी झाकता येत नाही.

मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली, तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. त्या धोरणाला विरोध करण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता, त्यांची बरीच कारणं मला पटतातही. पण जहाजातून उतरणाऱ्याने करारावर सही केली नव्हती. राग दिल्लीवर होता, पाठ मात्र काकांना दिसली.

काकांना आमची गोटमार अजिबात पटत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात आणि त्यावरच्या झेंड्यासाठी पांढुर्णा आणि सावरगावची माणसं एकमेकांवर गोटे मारतात. शेकडो जखमी होतात, काही जीवही गेले आहेत. काका वर्षभर त्याविरुद्ध बोलतात, लोकांची बोलणी खातात. त्या दिवशी मात्र सकाळीच कापूस, आयोडीन आणि पट्ट्यांची पिशवी घेऊन नदीकाठी जाऊन बसतात. डोकं फुटलेलं पोरगं आलं की ते कोणत्या काठावरचं, हे विचारत नाहीत. मानेमागे हात देऊन त्याला बसवतात, रक्ताने चिकटलेले केस बोटांनी बाजूला करतात, जखम धुतात आणि दोन वेढ्यांत पट्टी आवळतात. तो हात फौजेत तयार झालेला. गाठ पक्की बसली की त्याच्या डोळ्यांत बघून विचारतात, “कायले गेल्ता रे तू?”