पाहणारा आणि पाहुणा

फराळाचे डबे भरून होण्याच्या आतच हल्ली घराघरांतून एक दुसरी तयारी सुरू होते. सुटीत जायचे कुठे, आणि तिथे पाहण्यासारखे काय काय आहे, याची यादी. कोणाला मॉरिशस हवे असते, कोणाला श्रीलंका. ज्याला तेवढे परवडत नाही तो आपल्याच मुलखात कुठे चार दिवस जाता येईल ते पाहतो. या दुसऱ्या माणसाने फार खंत करू नये. आमचा नगर जिल्हा (२०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, पण जुन्या माणसांच्या तोंडी अजून नगरच येते) १७,०४८ चौरस किलोमीटरांचा आहे. महाराष्ट्रात याहून मोठा जिल्हा नाही. मॉरिशसचे सगळे राष्ट्र मिळून २,०४० चौरस किलोमीटर. म्हणजे आठ मॉरिशस आमच्या एका जिल्ह्यात बसतील. समुद्र तेवढा नाही.

यादी करणेही अवघड नाही. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई आणि त्याच्या पायथ्याचे भंडारदरा अकोले तालुक्यात; शिर्डी आणि शिंगणापूर तर सर्वांनाच ठाऊक; नेवाशाला ज्ञानेश्वरांचा पैस खांब; कर्जतकडे रेहेकुरीची काळविटे; शहरात भुईकोट किल्ला. ही यादी कोणीही देईल. मला तिच्याविषयी बोलायचे नाही. तिच्या मथळ्यात जो ‘पाहण्यासारखे’ हा शब्द असतो, तो मला अलीकडे खुपू लागला आहे. एखादे ठिकाण, एखादे गाव, एखाद्याचे घर मी पाहण्यासारखे ठरवतो, तेव्हा ते पाहण्याचा अधिकार मला कोणी दिलेला असतो?

प्रश्न वेडगळ वाटेल. डोळे आहेत, रस्ता आहे, तिकीट काढले आहे. आणखी परवानगी ती कसली? पण आपल्या भाषेला हा प्रश्न वेडगळ वाटलेला दिसत नाही. देवळात आपण देव ‘पाहायला’ जात नाही, दर्शन ‘घ्यायला’ जातो. आणि दर्शन घेता येते ते देव ते देतो म्हणून. न दिले तर उंबऱ्याशी उभे राहावे लागते. विचाराच्या सहा पंथांनाही आपल्याकडे दर्शने म्हणतात, हा मला काही निव्वळ योगायोग वाटत नाही. सत्यदेखील ओढून घेता येत नाही, ते दिसावे लागते, असेच त्या जुन्या माणसांना वाटत असले पाहिजे. ‘प्रेक्षणीय’ या शब्दात ही देवघेव नाही. पाहावे असे ते प्रेक्षणीय. कोणी पाहावे, किती पाहावे, आणि जे पाहायचे त्याचे त्यावर काय म्हणणे आहे, याविषयी तो शब्द गप्प आहे.

शिंगणापूरचेच घ्या. या गावातल्या घरांना कवाडे नसतात, ही त्याची ख्याती. शनिदेव राखण करतो अशी गावाची श्रद्धा. चोऱ्यांच्या तक्रारी अधूनमधून नोंदल्या गेल्या आहेत, आणि २०११ साली तिथे एका बँकेने कुलूप दिसणार नाही अशी शाखा उघडली, यातला ‘दिसणार नाही’ हा भाग मला मोठा मार्मिक वाटतो. पण श्रद्धा खरी की खोटी हा आजचा विषय नव्हे. दर्शन झाले की पुष्कळ मंडळी गावातून हिंडतात आणि खरोखरच दारे नाहीत ना, हे पाहण्यासाठी लोकांच्या घरांत डोकावतात. आत कोणी जेवत असेल, कोणी मुलाला निजवत असेल. ज्या घराने चोराचे भय सोडले, त्या घरात आपण डोळ्यांनी शिरतो. दाराला कवाड नाही म्हणजे आत येण्याचे आमंत्रण आहे, असे कोणी सांगितले? उलट, कवाड नसलेल्या घरापुढे तर अधिकच संकोच वाटायला हवा; तिथे आपल्याला अडवणारे दुसरे काही नसते.

माणसे निदान पडदा ओढू शकतात. अकोल्याच्या डोंगरातल्या काजव्यांना तेही जमत नाही. मेच्या अखेरीपासून पाऊस नीट लागेपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे, भंडारदऱ्याच्या आसपास घाटघर, पांजरे, उडदावणे या बाजूला हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ असल्या झाडांवर काजवे लागतात. सगळे झाड एकदम पेटते आणि एकदम विझते. ज्यांनी ते पाहिले ते त्यावर बोलताना अडखळतात, आणि अडखळावेच. पण हा सोहळा आपल्यासाठी मांडलेला नाही. ते काजव्यांचे लग्न आहे. नर उजेडाची उघडझाप करून साद घालतो, मादी उजेडानेच उत्तर देते. महिनोन् महिने ओल्या मातीत अळीच्या रूपाने काढल्यावर या जिवाला पंख फुटतात ते एवढ्याचसाठी, आणि ते पंखांचे आयुष्य थोड्या दिवसांचे. नेमक्या त्या दिवसांत आपण मोटारी घेऊन तिथे पोचतो. रांगेने लागलेल्या मोटारींचे दिवे, हातातल्या विजेऱ्या, छायाचित्र घेताना लखलखणारे फोन. या उजेडात त्यांच्या सादेला मादीचे उत्तर पोचत नाही. अंधारात झाडाखाली फिरणाऱ्या पायांखाली मातीतल्या अळ्या आणि गवतातल्या माद्या जातात, ते वेगळेच. जे पाहायला आलो तेच आपल्या पाहण्याने थोडे कमी होते. हे सारे अभयारण्याच्या हद्दीत घडते. वनखात्याने रात्रीच्या वाहनांवर बंधने घालून पाहिली आहेत. गर्दीपुढे ती कितपत टिकतात हे तिथे गेलेल्यांनी पाहिले असेलच.

आता कोणी म्हणेल, मग जाऊच नये काय? इतके सोपे उत्तर मला मान्य नाही, आणि ते मानायला आपण सांगणारे कोण? त्या वाड्यावस्त्यांवर महादेव कोळी आणि ठाकर राहतात. पाऊस त्यांच्या डोंगरावर कोसळतो; घाटघराला तर नगरचे चेरापुंजी म्हणतात. १९२६ साली पुरे झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणात तो साठतो, आणि प्रवरेच्या कालव्यांनी खाली जाऊन उसाला मिळतो. १९५० च्या सुमारास लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो याच पाण्याच्या बळावर. वर डोंगरात मात्र कित्येक पाड्यांतल्या बायका उन्हाळ्यात घागर घेऊन झरे धुंडाळतात. अशा घरातल्या तरुणाने काजव्यांच्या दिवसांत अंगणात चार तंबू ठोकले, पिठले-भाकरी रांधून घातली आणि चार पैसे मिळवले, तर त्याला निसर्गरक्षणाचे धडे देणे शहाणपणाचे नव्हे. ते बहुधा खालच्या पाण्यावर वाढलेल्या साखरेचा चहा घेत घेत दिले जातात. जाऊ नये असे म्हणणाऱ्याने त्या तरुणाच्या वर्षभराच्या मिळकतीचे काय, हे आधी सांगावे.

आणि प्रवास आपल्याकडे काही नवा नाही. याच जिल्ह्यातल्या चौंडीत १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या त्या घरी बसणाऱ्यांसाठी नव्हेत. त्या काळचा यात्रेकरू मोठा सुसंस्कृत होता असा समज मात्र करून घेऊ नये. यात्रा उठल्यावर मागे पटकी राहत असे, हा इतिहास आहे. फरक असलाच तर एवढा, की तो पायांनी येई. त्यामुळे वाटेतल्या प्रत्येक गावाला त्याची गरज कळे आणि त्याला त्या गावाची. पाणी मागितल्यावाचून पुढे जाताच येत नसे.

मागावे लागणे ही मला या सगळ्यातली महत्त्वाची गोष्ट वाटते. नगरच्या किल्ल्याची हकीकत यासाठी आठवते. ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरू, पटेल, आझाद आणि काँग्रेस कार्यकारिणीचे बहुतेक सभासद तिथे स्थानबद्ध झाले. भिंतीपलीकडचे त्यांना काही दिसत नव्हते. त्याच भिंतींच्या आत नेहरूंनी १९४४ साली पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून काढले, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. मौलाना आझादांच्या चिमण्या तितक्या माहीत नाहीत. त्यांच्या खोलीत चिमण्यांनी घरटी मांडली होती. आधी त्यांनी त्यांना हुसकण्याचा जंग जंग प्रयत्न केला. हार पत्करल्यावर ते दाणे टाकू लागले. लांब बसून, न हलता. रोज दाण्यांचे भांडे थोडे जवळ. किती जवळ यायचे हे चिमण्यांनी ठरवले, आणि शेवटी त्या निर्धास्तपणे त्यांच्या अंगाशी येऊ लागल्या. १९४३ च्या एप्रिलमध्ये त्यांची पत्नी कलकत्त्यात वारली. तिची अखेरची भेटही झाली नाही. अशा माणसाने त्या बंदिखान्यातून लिहिलेल्या पत्रांत चिमण्यांवर पानेच्या पाने खर्च केली आहेत. ‘गुबारे खातिर’मध्ये ती आहेत. चिमणी काही दुर्मीळ पक्षी नव्हे. तिला पाहायला कोणी नगरला येत नाही. पण तिला इतके पाहिलेला माणूसही मला दुसरा माहीत नाही.

सुटीचे चार दिवस हाती असलेल्या कुटुंबाला मौलानांइतका अवकाश कोठून मिळणार, हे मला कळते. त्यांनाही तो काही त्यांच्या इच्छेने मिळाला नव्हता. पण चार दिवसांतही एक गोष्ट साधते. ‘पाहुणा’ हा शब्द व्युत्पत्तिकारांच्या मते ‘प्राघूर्णक’ या संस्कृत शब्दावरून आला. ‘पाहणे’ या क्रियापदाशी त्याचे काही नाते नाही. व्यवहारात मात्र या दोघांत एक मोठा भेद आहे. पाहणारा गाडीच्या काळ्या काचेआड असतो, तो इतरांना दिसत नाही. पाहुण्याला आधी स्वतः दिसावे लागते. आमच्या भागात परक्या गावात शिरणाऱ्याला ओट्यावर बसलेला म्हातारा अजूनही हटकतो, “कोण गावचं पाव्हणं?” त्यात संशय असतो तितकीच विचारपूस असते. याला उत्तर द्यायचे तर गाडीतून उतरावे लागते. गाव सांगावे लागते, मग आडनाव, मग तुमच्याकडे यंदा पाऊस कसा काय. मुले ओट्याच्या कडेला बसून शेळीच्या पिलाशी खेळू लागतात. कोणाच्या तरी सांगण्यावरून आतून चहा येतो. तो पिऊन होईपर्यंत ऊन उतरते, आणि यादीतले एखादे ठिकाण त्या दिवशी पाहायचे राहून जाते.