संमती कुणाची?

हिंगणघाटच्या एका बाईंची सकाळ हात धुण्यात जाते. नळाला बोट लागू नये म्हणून तो कोपराने बंद करतात. मंत्रचळ; गोळ्यांनी हटला नाही. घरच्यांनी आता मुंबईच्या गॅमा नाइफबद्दल ऐकलंय. त्यावरून सेवाग्रामचे एक निवृत्त मास्तर आणि मानसोपचार शिकणारी त्यांची पुतणी यांच्यात जुंपली.

“काकाजी, कवटी उघडावी लागत नाही. डोक्याला चौकट घट्ट बसवतात आणि कोबाल्टचे सुमारे दोनशे बारीक किरण मेंदूतल्या एका जागी आणतात. लार्स लेक्सेलचं पहिलं यंत्र १९६८ मध्ये स्वीडनमध्ये बसलं.”

“रक्त नाही निघालं म्हणून ती शस्त्रक्रिया नाही का?”

“आहेच. तिथली पेशी मरते, परत येत नाही. गुण यायला महिने लागतात, तोही सगळ्यांना येत नाही. ब्राझीलची २०१४ मध्ये छापून आलेली चाचणी अवघ्या १६ जणांवर झाली.”

“नवरा काय म्हणतो?”

“त्याची सही पुरत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ९६ सांगतं, रुग्णाची स्वतःची संमती हवी आणि मंडळाची मान्यताही. पण बाई ‘हो’ म्हणतात आणि थोड्या वेळाने विचारतात, मी नक्की हो म्हटलं ना?”

“जानेवारी १९२४. बापू येरवड्याचे कैदी, ससूनमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन, सर्जन कर्नल मॅडॉक. संमतीचा मजकूर श्रीनिवास शास्त्रींनी लिहिला, थरथरत्या हाताने सही बापूंनी केली. ‘हिंद स्वराज्य’मध्ये डॉक्टरांना झोडपणारा माणूस! ती सही मोकळ्या माणसाची होती?”

“त्यांचा तुरुंग बाहेर होता, काकाजी. बाईंचा आत आहे.”

(वाक्य टाळ्या घेणारं आहे, पण मला अर्धंच पटलं. मंत्रचळ असलेल्या बहुतेकांना आपले हात स्वच्छ आहेत हे कळत असतं. कळूनही थांबता येत नाही.)

“मग शंका संपेपर्यंत थांबणार?”

“शंका हाच तर आजार. ती संपण्याची अट घातली, तर त्यांना हा उपचार कधीच मिळायचा नाही. वेगवेगळ्या दिवशी, नवऱ्याला बाहेर बसवून विचारेन. कारणं तीच सांगतात का, ते बघेन.”

“आणि वर्तनोपचार? पुरा झाला?”

“नाही. दर आठवड्याला नागपूरला जावं लागायचं. एसटीत बसायला हात लावावा लागतो, म्हणून सुटला.”

“मग पोरी, सगळे उपाय थकले असं मंडळाला कोणत्या तोंडाने सांगणार आहेस?”