कोरडा काळ

न्यू जर्सीत ऑक्टोबर सरत आला की एका रात्री दंव गोठतं. सकाळी परसातलं अळू काळं पडलेलं असतं. पानातलं पाणी गोठून पेशीच निकामी होतात. ऊन चढलं की अख्खं पान उकडल्यासारखं लोळागोळा होतं.

बघणाऱ्याला वाटतं, झाड गेलं. गेलं ते पान.

पान वाचवण्याचा हट्ट धरणारा बहुधा कंदही गमावतो. कुंडी आत येते, खिडकीशी बसते. हीटरच्या कोरड्या हवेत पानं पिवळी पडू लागतात, म्हणून पाणी. आणखी पिवळी पडतात, म्हणून आणखी पाणी. डिसेंबरात माती उकरावी तर कंद कुजलेला. घरात आणलेली झाडं थंडीने कमी मरतात, पाण्याने जास्त.

माया म्हणजे देत राहणं, अशी आपली समजूत. राखायचं तर हात आखडावा लागतो, आणि प्रेमळ माणसाला तेच जड जातं.

अळूसारख्या या झाडांना गोठवणारी थंडी ठाऊक नाही. विसावा मात्र पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कोकणात रानातलं तेरं, म्हणजे रानअळू, पावसाबरोबर वर येतं आणि पाऊस सरला की पानं टाकून जमिनीत जातं. हळदीचा पाला वाळतो, मगच शेतकरी ती खणतो. मोरीच्या पाण्यावरचं अळू बारमाही हिरवं दिसतं, म्हणून आपण धरून चालतो की त्याला थांबणं माहीतच नाही. त्याला कुणी थांबू दिलेलं नसतं.

तेव्हा तळघरात त्याला द्यायचं ते कोरडेपण. देठ चार बोटं ठेवून कापावेत. कंद खणून, माती झटकून, काही दिवस सावलीत सुकवावा आणि खोक्यात कोरड्या पीटमध्ये पुरावा. अळूला, कर्दळीला आठ-दहा अंश सेल्सिअस पुरतात. हळदीला थोडी जास्त ऊब हवी. अधूनमधून दाबून पाहावं. कडक लागला तर पुन्हा झाकावा. मऊ लागला तर तेवढा भाग कापून टाकावा. एवढंच. बाकी दिवस तिकडे फिरकू नये.

कढीपत्त्याला कंद नाही. ऐन हिवाळ्यात त्याची पानं झडतात आणि घरच्यांचा जीव खालीवर होतो. नखाने साल खरवडावी. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. पाणी अगदी जेमतेम. पानांवर जीव लावणं सोपं. काटक्यांवर भरवसा ठेवायला धीर लागतो.

इंग्लंडमध्ये ससेक्सच्या ग्रेट डिक्स्टर या बागेत बागकाम-लेखक ख्रिस्तोफर लॉइड यांनी १९९० च्या दशकात जुनी गुलाबबाग काढून तिथे केळी, कर्दळी आणि मोठमोठ्या पानांची झाडं लावली. केळी थंडीतही जागेवरच राहतात; खोडाभोवती नेच्याची वाळकी पानं दाबून बसवतात. वरची पानं जाऊ देतात, गाभा राखतात. सगळा दिमाख दरसाल हातचा जाऊ द्यायची तयारी ठेवून बाग करणं, याला मी बागकामाची खरी हिंमत म्हणेन.

मार्चमध्ये एखादी दुपार ऊबदार निघते आणि हात शिवशिवू लागतात. त्या दुपारीच बरेच कंद हातचे जातात. मेच्या सुरुवातीपर्यंत रात्री दगा देऊ शकतात, आणि हवा तापली तरी माती मागाहून तापते. माती पंधरा-सोळा अंशांवर जाईपर्यंत कंद बाहेर लावू नका.