मैदानातले राखीव दालन

विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या फुटबॉल मैदानात प्रेक्षकांचा एक भाग काचेने बंद करून, तिथे वातानुकूलन, मऊ खुर्च्या आणि खानपानाची सोय देऊन जे वेगळे दालन उभारले जाते, त्याला अमेरिकेत प्रीमियम क्लब म्हणतात. अशा दालनाला बहुधा एखादी संकल्पना दिलेली असते. कधी संघाचा जुना विजय, कधी गावाचा इतिहास, तर कधी एखाद्या थोर खेळाडूचे नाव. भिंतींवरची छायाचित्रे, दिवे आणि फर्निचर त्या संकल्पनेला धरून निवडले जाते. या जागा सहसा सुट्या सामन्यासाठी मिळत नाहीत. पूर्ण हंगामाची वर्गणी भरावी लागते आणि पुष्कळ ठिकाणी त्याआधी संस्थेला देणगी द्यावी लागते. दालन बांधावे की नाही हा निर्णय वरवर पाहता वास्तुविशारदाचा आणि हिशेबनिसाचा वाटतो. पण तो नीतीचाही आहे. शिक्षणसंस्थेच्या मैदानावर कोणाला कुठे बसवले जाते हे विद्यार्थी पाहत असतात आणि समाजात कोणाची किंमत किती याचा धडा त्यातून घेत असतात.

ही पद्धत आधी व्यावसायिक खेळात रुजली. १९६५ मध्ये ह्यूस्टन शहरात ॲस्ट्रोडोम हे छताचे स्टेडियम उघडले. त्याच्या वरच्या मजल्यावर श्रीमंतांसाठी बॉक्स होते आणि त्यांच्यामागच्या खोल्या वेगवेगळ्या कल्पनांनुसार सजवलेल्या होत्या. पुढे विद्यापीठांनीही तोच मार्ग धरला. अमेरिकेच्या करकायद्याने त्याला बळ दिले. मैदानातल्या जागेचे तिकीट घेण्याचा हक्क मिळावा म्हणून विद्यापीठाला दिलेल्या देणगीच्या ८० टक्के रकमेवर करसवलत मिळत असे. म्हणजे त्या आरामखुर्चीचा काही भार कधीही मैदानात न आलेला करदाता उचलत होता. २०१७ च्या कायद्याने ही सवलत बंद झाली, दालने मात्र वाढत राहिली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या एका तडजोडीनंतर विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देता येऊ लागला. पहिल्या वर्षासाठी त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. एवढा पैसा उभा करण्याचा एक मार्ग म्हणून विद्यापीठे पुन्हा प्रीमियम जागांकडे वळतात.

दालनाच्या बाजूचा युक्तिवाद दुबळा नाही. ज्याला ऐपत आहे त्याच्याकडून जास्त घ्यावे आणि त्यातून सगळ्यांचे भागवावे, ही रीत आपल्या समाजाला परकी नाही. ज्या खेळांना प्रेक्षक मिळत नाहीत त्यांचा, मुलींच्या संघांचा आणि जखमी खेळाडूंच्या उपचारांचा खर्च कुठून तरी यावाच लागतो. कोणी आपखुशीने चौपट पैसे मोजत असेल आणि त्यातून गरीब घरातल्या धावपटूचे वसतिगृह चालत असेल, तर त्यात अन्याय शोधणे कठीण आहे. थकलेल्या माजी विद्यार्थ्याला बाकाऐवजी पाठ टेकायला खुर्ची हवी असते, ही गरजही खरी आहे.

विरुद्ध बाजूचा युक्तिवाद पैशापलीकडे जातो. हार्वर्डचे तत्त्वचिंतक मायकेल सँडेल यांनी २०१२ च्या आपल्या पुस्तकात या बॉक्सना एका मोठ्या बदलाची खूण मानले आहे. श्रीमंत आणि सामान्य माणसे वेगळ्या शाळांत, वेगळ्या वस्त्यांत आणि वेगळ्या रुग्णालयांत वावरू लागली की त्यांची गाठच पडत नाही, आणि अशी गाठ पडल्यावाचून लोकशाहीला लागणारा आपलेपणा टिकत नाही, असा त्यांचा विचार आहे. जिथे अजून ही गाठ पडते अशा थोड्या ठिकाणांत मैदान येते. तिथे एकाच गोलवर सगळे एकदम उभे राहतात, पाऊस सगळ्यांना सारखाच भिजवतो आणि अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात पडतो. काचेमागे बसलेला माणूस सामना पाहतो, पण या सहवासातून वजा होतो.

मिशिगन विद्यापीठाच्या अनुभवात दोन्ही बाजू एकत्र दिसतात. तिथले १९२७ चे स्टेडियम एक लाखाहून अधिक प्रेक्षकांना बाकांवर खेटून बसवते आणि त्या खेटून बसण्याचाच तिथल्या लोकांना अभिमान आहे. २०१० मध्ये २२ कोटी ६० लाख डॉलर खर्चाच्या नूतनीकरणातून तिथे बॉक्स आणि क्लबच्या जागा आल्या, आणि योजनेच्या काळात माजी विद्यार्थ्यांमधूनच त्यांना विरोध झाला. त्याच योजनेत चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या प्रेक्षकांसाठी पुरेशी जागा नाही म्हणून अपंग माजी सैनिकांच्या संघटनेने विद्यापीठाला न्यायालयात खेचले. सरकारचे न्याय खातेही त्या दाव्यात उतरले. २००८ मध्ये तडजोड झाली आणि अशा तीनशेहून अधिक जागा देण्याचे विद्यापीठाने मान्य केले. वर्गणीदारांच्या खुर्च्या आराखड्यात आपोआप आल्या होत्या, अपंगांच्या जागांसाठी मात्र दावा लावावा लागला.

मैदानावरच्या राखीव जागेचा इतिहास मराठी माणसाला नवा नाही, आणि त्याची सुरुवात पैशाने झालेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात क्रिकेटपटू पळवणकर बाळू यांची फिरकी हिंदू संघाला हवी होती, पण जातीमुळे पॅव्हेलियनमध्ये त्यांना स्थान नव्हते. चहाच्या वेळी त्यांना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई. याच बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरहून अधिक बळी घेतले. १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. जातीची भिंत आणि तिकिटाची भिंत यांत मोठे अंतर आहे. एक जन्माने घातलेली, दुसरी पैसे भरून ओलांडता येणारी. तरीही पॅव्हेलियनच्या दाराशी कोणाला थांबवले जाते याचा खेळाच्या न्यायाशी संबंध असतो, हे या इतिहासातून कळते.

मुंबईत तर जागांच्या वाटपावरूनच नवे स्टेडियम उभे राहिले. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे ब्रेबॉर्न स्टेडियम १९३७ मध्ये तयार झाले. मैदान क्लबचे, सामने भरवण्याचा अधिकार मुंबई क्रिकेट संघटनेचा, आणि संघटनेच्या वाट्याला किती तिकिटे द्यायची यावरून दोघांत वर्षानुवर्षे खटके उडत. अखेर संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने हाकेच्या अंतरावर दुसरे स्टेडियम बांधले गेले आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली. क्लबच्या सभासदांपुढे बाकीच्यांची कुचंबणा होते या तक्रारीतून जन्मलेल्या त्याच वानखेडेवर २ एप्रिल २०११ रोजी विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. तेव्हा सुमारे ३३,००० जागांपैकी जेमतेम ४,००० तिकिटे सर्वसामान्यांसाठी विक्रीला होती. बाकीच्या जागा संलग्न क्लब, आयसीसी आणि इतर हक्कदारांत वाटल्या गेल्या. राखीव जागा एकदा सुरू झाल्या की त्या वाढत जातात आणि ज्यांच्या नावाने मैदान बांधले ते लोक दाराबाहेर राहतात, हा या साऱ्याचा निष्कर्ष आहे.

शिक्षणसंस्था आणि मोठे स्टेडियम यांची जोडी आता भारतातही आहे. नेरुळचे डी. वाय. पाटील स्टेडियम विद्यापीठाच्या आवारातच उभे आहे. २००८ च्या पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना तिथे झाला आणि २०१७ मध्ये १७ वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल विश्वचषकाचे सामनेही झाले. शारीरिक शिक्षणाची संस्था आणि स्टेडियम दोन्ही असलेल्या ग्वाल्हेरसारख्या शहरानेही या प्रश्नाचा आधीच विचार केलेला बरा.

ग्वाल्हेरची खेळाची परंपरा मोठी आहे. शहरातले जुने स्टेडियम मूळचे हॉकीचे असून त्याला कॅप्टन रूपसिंग यांचे नाव आहे. मेजर ध्यानचंद यांचे हे बंधू ग्वाल्हेर संस्थानाच्या लष्करात होते. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४–१ असे हरवले, त्यातले १० गोल रूपसिंगांचे. पुढे हेच मैदान क्रिकेटचे झाले. एप्रिल १९९७ मध्ये मुंबई आणि दिल्ली यांच्यातला रणजी करंडकाचा अंतिम सामना इथे प्रकाशझोतात खेळला गेला. २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकर यांनी पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांतले पहिले द्विशतक इथेच झळकावले. त्यानंतर शहराला आंतरराष्ट्रीय सामन्यासाठी चौदा वर्षे थांबावे लागले. शंकरपूरला बांधलेल्या माधवराव सिंधिया स्टेडियमवर ६ ऑक्टोबर २०२४ रोजी भारत आणि बांगलादेश यांच्यात टी-ट्वेंटी सामना झाला.

याच शहरात १७ ऑगस्ट १९५७ रोजी, १८५७ च्या लढ्याच्या शताब्दी वर्षात, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू झाले. राणींना जिथे वीरमरण आले त्या शहरातली ही संस्था आज अभिमत विद्यापीठ आहे. तिथून बाहेर पडलेले शिक्षक देशभरच्या शाळांत कवायत आणि खेळ शिकवतात. अशा संस्थेच्या मैदानावर प्रेक्षकांची मांडणी कशी असावी याला इतर स्टेडियमपेक्षा अधिक अर्थ आहे. तिथला विद्यार्थी उद्या एखाद्या तालुक्याच्या शाळेत क्रीडामहोत्सव भरवेल, तेव्हा मान्यवरांसाठी मांडव आणि मुलांसाठी ऊन ही रीत चालवायची की मोडायची, हे त्याने आपल्या मैदानावर काय पाहिले त्यावर बरेच अवलंबून राहील.

अशा मैदानावर दालन बांधायचेच असेल तर पाच नियम पाळावेत. पहिला नियम ग्वाल्हेरच्या हवामानातूनच निघतो. इथे मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा ठिकाणी सावली, पिण्याचे थंड पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छ प्रसाधनगृह आणि चाकाच्या खुर्चीसाठी उतार या गरजा आहेत. त्यांना प्रीमियमच्या यादीत घालणे म्हणजे गरज विकणे. म्हणून सगळ्यांत स्वस्त स्टँडवर छप्पर येईपर्यंत कोणत्याही दालनात वातानुकूलन यंत्र बसू नये. कामाचा हा क्रम आराखड्यात आणि निविदेत लिहिलेला असावा.

दुसरा नियम जागेचा. आराम विकायला हरकत नाही, पण मैदान नीट दिसण्याची जागा विकू नये. मध्यरेषेसमोरचा भाग विद्यार्थ्यांचा असला पाहिजे, कारण खेळणारे त्यांचे सोबती आहेत. दालन कोपऱ्यात किंवा मागे वरच्या मजल्यावर असावे, आणि त्यासाठी सर्वसाधारण जागा कमी होणार असतील तर ते बांधूच नये. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात शाहू महाराजांनी कुस्त्यांसाठी प्रेक्षकांची बैठक उतरती केली आणि मागच्या रांगेतल्या माणसालाही आखाडा स्वच्छ दिसेल असे पाहिले. संस्थानाच्या मालकाला १९१२ मध्ये जे साधले, ते सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेला आज अशक्य नसावे.

तिसरा नियम संकल्पनेबद्दल आहे. ग्वाल्हेरमध्ये संकल्पना शोधावी लागणार नाही. किल्ला, शिंद्यांचा दरबार, राणी लक्ष्मीबाई, रूपसिंगांची हॉकी स्टिक, सगळे हाताशी आहे. पण हा वारसा शहराचा आहे आणि मूठभर वर्गणीदारांच्या भोजनाची सजावट म्हणून तो वापरणे योग्य नाही. याच शहरात जयविलास महालाचा एक भाग १९६४ मध्ये संग्रहालय म्हणून खुला झाला, आणि ज्या दरबारात एकेकाळी निमंत्रणाविना पाऊल ठेवता येत नव्हते तिथे आज कोणीही तिकीट काढून झुंबरांखाली उभा राहतो. १९२४ पासून चालत आलेल्या तानसेन समारोहात देशातले मोठे गायक गातात आणि ऐकणाऱ्याला तिकीट लागत नाही. ज्या शहराने महालाचे दार उघडले आणि गाणे सगळ्यांसाठी ठेवले, त्याने मैदानात नवा दरबार भरवणे हे उलट्या दिशेचे पाऊल ठरेल. रूपसिंगांचे छायाचित्र आणि १९३२ ची कथा मांडायचीच असेल तर ती सर्वांच्या येण्याजाण्याच्या मार्गावर मांडावी. हॉकी शिकणाऱ्या मुलीला ती रोज दिसली पाहिजे.

चौथा नियम हिशेबाचा. दालनाच्या बाजूने सांगितले जाणारे मोठे कारण खेळाडूंचे भले हे असते, तेव्हा ते भले आकड्यांत दाखवण्याचे बंधन संस्थेवर येते. बांधकामाला किती लागले, कर्ज किती, वर्षाला किती मिळाले, त्यातून मुलींच्या संघाला किती आणि वसतिगृहाला किती, हे दरवर्षी सूचनाफलकावर लागावे. फुकट पास कोणालाही नसावा. अधिकारी आणि पुढारी यांनीही पैसे भरूनच बसावे. फुकट पासांनी भरलेले दालन उत्पन्न देत नाही, त्याचा खर्च मात्र संस्थेवर पडत राहतो, आणि मग त्याच्या समर्थनाचा आधारच उरत नाही.

पाचवा नियम सर्वांत कठीण आहे. दालनाचा सभासद खुर्चीचे पैसे भरतो, पण पुष्कळदा त्याला हवी असते सोबत: कुलगुरूंशी दोन शब्द, अधिकाऱ्याशी ओळख, ठेक्याची कुणकुण. व्यावसायिक क्लबात हे चालत असेल, शिक्षणसंस्थेत चालता कामा नये. प्रवेश, नेमणुका आणि खरेदी यांचे निर्णय घेणाऱ्यांनी सामन्याच्या दिवशी दालनाबाहेर, विद्यार्थ्यांच्या स्टँडमध्ये बसावे. देणगीदाराचे आभार जाहीरपणे मानावेत, पण त्याला निर्णयाच्या जवळची जागा देऊ नये.

हे पाच नियम पाळून बांधलेल्या दालनातून खेळाला पैसा मिळेल आणि कोणाचे काही हिरावले जाणार नाही. एखाद्या संस्थेला ते पाळणे जड वाटत असेल, तर दालनाचा हेतू वेगळा आहे असे समजावे आणि ती योजना तिथेच थांबवावी. म्हणून अशा बांधकामाचा निर्णय बंद बैठकीत होऊ नये. आराखडा आणि हिशेब निविदेच्या आधी विद्यार्थी, खेळाडू आणि माजी विद्यार्थी यांच्यापुढे ठेवावा. त्यांच्या हरकती लेखी घ्याव्यात आणि प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्यावे.